कलकत्त्याच्या महापालिकेत माणसे कोण नेमणार? देशबंधू चित्तरंजन दास आणि ३३ पैकी २५ जागा

गटार तुंबले, पाणी आले नाही, दाखल्यात नाव चुकले की आपण नगरसेवकाचे दार वाजवतो. मत त्याला दिलेले असते ना. तो बिचारा ऐकून घेतो आणि साहेबांशी बोलतो म्हणून सांगतो. साहेब म्हणजे वॉर्ड ऑफिसर, आणि त्याच्याही वर आयुक्त. आता हा आयुक्त कोणाचा माणूस? मुंबईत १८८८ च्या कायद्यापासून आजपर्यंत आयुक्ताची नेमणूक सरकार करत आले आहे. तेव्हा इंग्रज सरकार करायचे, आता राज्य सरकार करते. म्हणजे मत टाकायचे एकीकडे आणि माणसे नेमण्याची, हलवण्याची ताकद दुसरीकडे.

आमच्या समाजाला हा प्रश्न जरा जास्तच लागतो. पालिकेतली नोकरी म्हणजे पक्की नोकरी. घरातला एक पोरगा क्लार्क म्हणून लागला किंवा एक मुलगी पालिकेच्या शाळेत शिक्षिका झाली की अख्खे घर सावरते. म्हणून भरती कोणाच्या हातात आहे आणि त्या भरतीत आपला वाटा किती, हे दोन प्रश्न आपल्या घरांत नेहमी एकत्रच निघतात.

शंभर वर्षांपूर्वी हेच दोन प्रश्न एका माणसाने एकाच वेळी हातात घेतले होते. तो मुंबईचा नव्हता आणि मुसलमानही नव्हता. बंगालचा बॅरिस्टर, ब्राह्मो घराण्यातला कवी, कलकत्त्याचा महापौर. चित्तरंजन दास. लोक त्यांना देशबंधू म्हणत. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन ओळी असतात, स्वराज्य पक्ष वगैरे. पण कलकत्त्याच्या महापालिकेत त्यांनी काय केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे त्या दोन ओळींत येत नाही. ते आम्ही आज सांगणार आहोत.

दासबाबूंचा जन्म ५ नोव्हेंबर १८७० चा, कलकत्त्यातला. घराणे मूळचे ढाक्याजवळच्या बिक्रमपूर भागातले, तेलिरबाग गावचे. वडील भुवनमोहन सॉलिसिटर होते. प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन दासबाबू विलायतेला गेले ते आयसीएस व्हायला, म्हणजे त्या काळच्या सर्वात मोठ्या सरकारी नोकरीसाठी. ती परीक्षा काही जमली नाही. त्याच दिवसांत, १८९२ मध्ये, आपल्या मुंबईचे दादाभाई नौरोजी लंडनमधून पार्लमेंटची निवडणूक लढवत होते. दासबाबू त्यांच्यासाठी प्रचाराला उभे राहिले. मग बॅरिस्टर होऊन परत आले. सरकारी नोकर होता होता राहिलेला हा माणूस पुढे सरकारी नोकरशाहीच्या मुळावरच बोट ठेवणार होता.

घरची हालत वाईट होती. वडिलांवर कर्ज चढले होते, त्यातले बरेचसे दुसऱ्यांसाठी जामीन राहिल्यामुळे. १९०६ मध्ये बाप-लेक दोघांनी दिवाळे जाहीर केले. कायद्याने विषय तिथे संपला होता. पण वकिली चालू लागल्यावर १९१३ मध्ये दासबाबूंनी एकेका सावकाराला शोधून सगळी रक्कम परत केली. कर्ज हे अमानत असते, असे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवतात. कोर्टाने माफ केलेले कर्ज फेडणारा माणूस आम्हाला तरी त्या एका गोष्टीसाठीही लक्षात ठेवावासा वाटतो.

वकिली चालली ती १९०८-०९ च्या अलीपूर बाँब खटल्याने. त्यात त्यांनी अरविंद घोष यांना निर्दोष सोडवले. पुढे त्यांचे नाव एवढे झाले की ते हिंदुस्थानातल्या सर्वात महागड्या बॅरिस्टरांत गणले जाऊ लागले. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने स्वतःची चौकशी समिती नेमली तेव्हा गांधीजी, अब्बास तय्यबजी आणि बॅरिस्टर जयकर यांच्याबरोबर दासबाबूही पंजाबात गेले. १९२० च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाला ते असहकाराला विरोध करायला आले होते. परत गेले ते असहकाराचा ठराव स्वतः मांडून. आणि मग वकिली एका झटक्यात सोडली.

१९२१ च्या डिसेंबरात इंग्लंडचा युवराज येणार म्हणून बहिष्कार झाला. आधी त्यांच्या पत्नी बासंतीदेवी रस्त्यावर खादी विकताना पकडल्या गेल्या. तीनच दिवसांत दासबाबूंनाही पकडले आणि पुढे सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वर्षीच्या अहमदाबाद काँग्रेसचे ते निवडलेले अध्यक्ष होते. ते तुरुंगात, म्हणून हकीम अजमल खान यांनी ती खुर्ची सांभाळली. अलीपूरच्या तुरुंगात त्यांच्यासोबत मौलाना अबुल कलाम आझाद होते. खिलाफतीचा काळ होता. तुरुंगाच्या त्या महिन्यांत दोघांची खूप चर्चा होत असे, आणि कौन्सिलांवर बहिष्कार टाकून बाहेर बसण्यापेक्षा आत शिरून सरकारला अडवावे, हा विचार दासबाबूंच्या मनात तिथेच पक्का झाला. १९२२ अखेर गयेच्या काँग्रेसने तो नाकारला. मग अध्यक्षपद सोडून त्यांनी मोतीलाल नेहरूंबरोबर नवा पक्ष काढला. त्याच्या सुरुवातीच्या नावात स्वराज्याबरोबर खिलाफत हाही शब्द होता, हे आज कितीजणांना ठाऊक असेल?

आता कलकत्त्याकडे येऊ. तिथल्या महापालिकेची कथा थोडी मागे जाऊन सांगावी लागेल, नाहीतर पुढचे कळणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याच्या पालिकेत ७५ सभासद होते आणि त्यातले ५० लोकांनी निवडलेले. शहर घाण आहे, प्लेगची भीती आहे, हे बाबू लोक नुसते बोलत बसतात, अशी सरकारची तक्रार होती. १८९९ मध्ये कायदा बदलला. सभासद ७५ वरून ५० केले आणि निवडून येणारे ५० वरून २५. म्हणजे कापले ते फक्त लोकांचे प्रतिनिधी. पालिकेचा चेअरमन सरकारने नेमलेला आयसीएस अधिकारी, त्याचे अधिकार वाढवले. निषेध म्हणून २८ सभासदांनी राजीनामे दिले. त्यांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी होते.

हेच सुरेंद्रनाथ पुढे मॉंटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांत बंगालचे स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री झाले आणि जुना हिशेब त्यांनी चुकता केला. त्यांचा १९२३ चा कलकत्ता म्युनिसिपल कायदा म्हणजे त्या काळात मोठीच गोष्ट होती. बहुतेक सभासद निवडून येणारे, मुस्लिमांसाठी राखीव जागा, सभेने निवडलेला महापौर. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे कारभार चालवणारा मुख्य कार्यकारी अधिकारी सभेनेच नेमायचा. सरकारने नाही. फक्त एक दोरी सरकारच्या हाती राहिली होती. त्या नेमणुकीला सरकारची मंजुरी लागणार होती.

मुंबईत तेव्हा असे नव्हते, आजही नाही. मुंबईत नको असलेला आयुक्त काढायचा तर १८८८ च्या कायद्यात ७२ पैकी ४५ सभासदांची मते लागत, आणि तो गेला तरी त्याच्या जागी दुसरा सरकारच पाठवणार. कलकत्त्याने एक पाऊल पुढे टाकले होते.

गंमत बघा, ज्यांनी हा कायदा केला त्यांना त्याचा उपयोग करता आला नाही. १९२३ च्या शेवटी कौन्सिलच्या निवडणुकीत सुरेंद्रनाथ स्वतः पडले. त्यांना पाडणारे तरुण डॉक्टर विधानचंद्र रॉय होते, दासबाबूंच्या पाठिंब्याने उभे राहिलेले. कौन्सिलात दासबाबूंचा पक्ष इतका मोठा झाला की गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी त्यांना मंत्रिमंडळ बनवायला बोलावले. दासबाबूंनी नकार दिला. पगार मिळेल, गाडी मिळेल, पण पोलीस, खजिना आणि बडे अधिकारी गव्हर्नरचेच राहतील, असल्या मंत्रीपणाचा काय उपयोग, हा त्यांचा हिशेब होता. महापालिका मात्र त्यांनी घ्यायची ठरवली. कारण तिथे माणसे नेमता येत होती.

त्याआधी त्यांनी आणखी एक काम करून ठेवले होते. डिसेंबर १९२३ मध्ये बंगालच्या मुस्लिम पुढाऱ्यांशी एक करार केला, त्याला बंगाल पॅक्ट म्हणतात. बंगालात मुस्लिम निम्म्याहून जास्त, पण सरकारी कचेऱ्यांत त्यांचा वाटा त्याच्या आसपासही नव्हता. करारात ठरले की कौन्सिलात प्रतिनिधित्व लोकसंख्येप्रमाणे असावे. स्थानिक संस्थांत जिथे जो समाज जास्त, त्याला ६० टक्के आणि दुसऱ्याला ४०. सरकारी नोकऱ्यांत मुस्लिमांचा वाटा ५५ टक्के, आणि तिथपर्यंत पोहोचेस्तोवर नव्या भरतीत ८० टक्के. मशिदीसमोर वाजंत्री नको. धार्मिक कुर्बानीत कोणी अडथळा आणू नये, पण कुर्बानीही अशा रीतीने व्हावी की हिंदूंचे मन दुखावू नये.

केवढी आरडाओरड झाली! त्याच महिन्यात काकिनाड्याला काँग्रेसचे अधिवेशन होते, अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली. तिथे हा करार नामंजूर झाला. दासबाबू हटले नाहीत. पुढच्या वर्षी सिराजगंजला बंगालची प्रांतिक परिषद झाली, अध्यक्षस्थानी मौलाना अक्रम खान. तिथे त्यांनी तो मंजूर करून घेतला.

इथे आम्हाला एक गोष्ट न लपवता सांगायची आहे. मार्च १९२४ मध्ये कौन्सिलातल्या एका मुस्लिम सभासदाने ठराव आणला की ते ८० टक्के आजपासूनच अमलात आणा. दासबाबूंनी तो ठराव पुढे ढकलायला लावला. करार स्वराज्य आल्यानंतरचा आहे, सरकारी नोकऱ्या आज आपल्या हातात नाहीत, असे त्यांचे म्हणणे. विरोधकांना हसायला जागा मिळाली. बघा, मुसलमानांना पुढच्या तारखेची हुंडी देतात, असे लोक म्हणू लागले असतील तर नवल नाही. आणि ज्या मंत्र्यांचे पगार दासबाबूंचा पक्ष कौन्सिलात निसटत्या मतांनी नामंजूर करत होता ते दोघेही मुस्लिमच होते, फजलुल हक आणि गझनवी. म्हणजे दासबाबूंच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न तेव्हाच्या बंगाली मुस्लिम घरांत नक्कीच निघत असणार.

त्याचे उत्तर महापालिकेने दिले.

मार्च १९२४ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाने कलकत्त्याची पालिका जिंकली. एप्रिलमध्ये दासबाबू महापौर झाले. उपमहापौर म्हणून निवडले गेले हुसेन शहीद सुऱ्हावर्दी, जे पुढे अखंड बंगालचे प्रीमियर आणि त्यानंतर पाकिस्तानचे पंतप्रधान झाले. मुख्य कार्यकारी अधिकारी कोण करायचा यावर पक्षातच ओढाताण झाली. मेदिनीपूरचे बीरेंद्रनाथ सासमल यांचा हक्क मोठा होता, ते नाराज झाले आणि दूर गेले. निवड झाली सुभाषचंद्र बोस यांची. वय अवघे २७. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आयसीएसचा राजीनामा दिला होता. पास झालेला माणूस सरकारची नोकरी सोडून शहराच्या नोकरीत आला. सरकारने मंजुरी द्यायला वेळ लावला, पण शेवटी दिली. पगार महिना ३००० रुपये होता, सुभाषबाबूंनी १५०० च घेतले.

मग भरती सुरू झाली. सुरुवातीला ज्या ३३ जागा भरल्या त्यातल्या २५ मुस्लिमांना मिळाल्या. ३३ पैकी २५, म्हणजे साधारण तीन चतुर्थांश. करारातल्या ८० टक्क्यांच्या अगदी जवळ.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. कलकत्ता शहरात मुस्लिम सुमारे चौथा हिस्सा होते. म्हणून विरोधक ओरडले की शहरात एवढे नाहीत तर एवढ्या जागा कशा? त्यांचे गणित चुकीचे नव्हते. पण पालिकेच्या कचेरीत वर्षानुवर्षे मुस्लिम चौथ्या हिश्शानेही नव्हते, हा दुसरा हिशेब होता. मागची तूट भरून काढायची तर काही काळ नव्या भरतीत वाटा मोठाच ठेवावा लागतो. हिंदू उमेदवारांच्या आई-बापांना हे पटणे कठीण होते, तेही आम्ही समजू शकतो. एक जागा गेली की ती एका घरातून जाते, ती काही आकडेवारीतून जात नाही. दासबाबूंवर त्यांच्याच लोकांनी टीकेचा भडिमार केला. गांधीजींनी मात्र कलकत्त्याच्या या कारभाराला उघड शाबासकी दिली.

मौलाना आझाद यांनी आत्मचरित्रात दासबाबूंच्या या धोरणाबद्दल फार आदराने लिहिले आहे. त्यांचे मत असे की त्या घोषणेने मुस्लिमांच्या मनातली भीती गेली आणि ते मोठ्या संख्येने काँग्रेसच्या जवळ आले. आमच्या मते घोषणेपेक्षाही ते ३३ पैकी २५ बोलके होते. घोषणा सगळेच करतात. सरकारी नोकऱ्यांत दासबाबू काहीच देऊ शकत नव्हते, कारण तिथली कलम त्यांच्या हातात नव्हती. जिथे कलम हातात आली तिथे त्यांनी दिले.

पालिकेचा रंगच बदलला. कर्मचाऱ्यांचे गणवेश खादीचे झाले. रस्त्यांना देशातल्या पुढाऱ्यांची नावे मिळू लागली. मानपत्रे गव्हर्नर-व्हाइसरॉयऐवजी देशभक्तांना दिली जाऊ लागली. गरिबांच्या मुलांसाठी मोफत प्राथमिक शाळा निघाल्या, त्यासाठी वेगळे शिक्षण खाते उघडले. नोव्हेंबरपासून पालिकेचे स्वतःचे गॅझेट निघू लागले, म्हणजे करदात्याला आपला पैसा कुठे जातो ते वाचता येऊ लागले. सगळेच काही गुलाबी होते असे नाही. आपल्या पक्षाची माणसे चिकटवतात ही तक्रार तेव्हाही होती आणि त्यात तथ्यही असणार. नेमणुकीची ताकद शहराकडे आली की शहरातल्या जिंकलेल्या पक्षाकडे येते, हे ओघानेच आले.

सरकारला ही भरती सलत होती. मंजुरीची दोरी एकदा सोडली होती, आता अधिकारी काढायचा तर कायद्याने सभेकडेच जावे लागले असते, आणि सभा दासबाबूंची. मग सरकारने दुसरा रस्ता धरला. २५ ऑक्टोबर १९२४ ला पहाटे पोलिसांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यालाच उचलले. वॉरंट १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनचे, ज्यात खटला नाही, पुरावा नाही, मुदत नाही. त्याच दिवशी स्वराज्य पक्षाच्या कितीतरी लोकांना पकडले. आरोप क्रांतिकारकांशी संबंध असल्याचा. पुरावा मात्र लोकांसमोर कधीच आला नाही.

दासबाबू तेव्हा सिमल्याला होते. धावत परत आले. पालिकेच्या सभेत महापौर म्हणून उभे राहिले आणि आपल्या अधिकाऱ्याच्या बाजूने बोलले. सुभाष गुन्हेगार असेल तर मीही तितकाच गुन्हेगार आहे, असा त्यांच्या भाषणाचा अर्थ होता. सभेने अटकेचा निषेध केला. पण अधिकाऱ्याला काढले नाही, रजेवर दाखवले. सुरुवातीचे काही आठवडे तर असे झाले की पालिकेचा सेक्रेटरी फायली घेऊन अलीपूर तुरुंगात जायचा, पोलीस अधिकारी बाजूला बसायचा आणि सुभाषबाबू कोठडीत शहराच्या कागदांवर निर्णय द्यायचे. आम्हाला या सगळ्या कहाणीतले हे चित्र सर्वात बोलके वाटते. ड्रेनेज, शाळा, बिले, बढत्या, सारे तुरुंगात. मग त्यांना बरहमपूरला हलवले, आणि जानेवारी १९२५ मध्ये थेट ब्रह्मदेशात, मंडालेला. तिथे काही फायली पोहोचणार नव्हत्या.

दासबाबूंची तब्येत तोवर ढासळली होती. जानेवारी १९२५ मध्ये या बिनखटल्याच्या अटकांना कायम करणारे विधेयक बंगाल कौन्सिलात आले. दासबाबूंना स्ट्रेचरवरून सभागृहात आणले. विधेयक पडले. गव्हर्नरने आपला खास अधिकार वापरून तेच विधेयक मंजूर ठरवले. मंत्रीपद का नाकारले होते, त्याचे उत्तर पुन्हा एकदा सर्वांना दिसले.

एप्रिलमध्ये ते दुसऱ्यांदा महापौर झाले. मे महिन्यात फरीदपूरच्या परिषदेत त्यांनी सरकारपुढे समझोत्याचा हात केला, अटींसह. काहींना तो नरमपणा वाटला. थकलेल्या माणसाचा शेवटचा प्रयत्न होता, असे आमचे मत आहे. मग हवापालटासाठी दार्जिलिंगला गेले. १६ जून १९२५ ला तिथेच वारले. वय ५४. देह रेल्वेने कलकत्त्याला आणला. अंत्ययात्रेत गांधीजी पुढे होते आणि गर्दीत हिंदू-मुस्लिम असा फरक करता येत नव्हता. भवानीपूरचे राहते घर त्यांनी आधीच लोकांच्या नावे करून ठेवले होते. पुढच्या वर्षी तिथे बायकांसाठी दवाखाना सुरू झाला, तो चित्तरंजन सेवा सदन. सुभाषबाबूंना ही बातमी मंडालेच्या तुरुंगात कळली.

पुढे काय झाले? करार वर्षभरही टिकला नाही. एप्रिल १९२६ मध्ये कलकत्त्यात दंगल पेटली, मशिदीसमोरच्या वाजंत्रीवरून. म्हणजे ज्या कलमावर दासबाबूंनी सही केली होती नेमके त्याच कलमावरून. मे महिन्यात कृष्णनगरच्या परिषदेत बंगाल काँग्रेसने पॅक्ट रद्द केला. मौलाना आझादांनी लिहिले आहे की दासबाबू गेल्यावर त्यांच्याच काही अनुयायांनी त्यांची घोषणा मोडीत काढली, मुस्लिम काँग्रेसपासून दूर गेले आणि फाळणीचे पहिले बी तिथे पडले. मौलानांचा हा निष्कर्ष आम्हाला थोडा एकमार्गी वाटतो, कारणे आणखीही होती. पण एक चूक आम्हाला स्पष्ट दिसते. ३३ पैकी २५ हा नियम नव्हता, ती एका माणसाची जबान होती. कायद्यात मुस्लिमांच्या सभेतल्या जागा लिहिलेल्या होत्या, कचेरीतल्या जागा लिहिलेल्या नव्हत्या. जबान देणारा गेला आणि पुढच्या मेयरला ती बांधून ठेवणारे काहीच नव्हते. आमच्या लोकांनीही तेव्हा ती कागदावर, सेवानियमांत आणून घेतली नाही.

सरकारने मात्र आपले म्हणणे कागदावर आणले. १९३३ मध्ये कलकत्ता म्युनिसिपल कायद्यात दुरुस्ती झाली. राजकीय गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना पालिकेने नोकरी देऊ नये, असे बंधन आले. सत्याग्रहात जाऊन आलेला शाळामास्तर पालिकेच्या शाळेत नको, असा त्याचा अर्थ. एका सुभाषला पकडून भागले नव्हते, म्हणून दारच बंद केले.

१९३५ मध्ये कलकत्त्याला पहिला मुस्लिम महापौर मिळाला. तेच फजलुल हक, ज्यांचा मंत्री म्हणून पगार दासबाबूंच्या पक्षाने अडवला होता. दोनच वर्षांत ते बंगालचे प्रीमियर झाले. १९३९ मध्ये त्यांच्या सरकारने पालिकेचा कायदा पुन्हा बदलला आणि मुस्लिमांसाठी वेगळे मतदारसंघ आणले. या वेळी प्रांताच्या सरकारात मुस्लिमांचा जोर होता आणि शहराच्या पालिकेत काँग्रेसी हिंदूंचा. शहराचा कारभार शहराकडे असावा म्हणून ओरडणारे काँग्रेसवाले होते, आणि सरकारने हात घातल्याशिवाय अल्पसंख्याकांना न्याय मिळणार नाही असे म्हणणारे हक साहेबांचे लोक. पंधरा वर्षांपूर्वी एकाच माणसाने दोन्ही गोष्टी एका कचेरीत करून दाखवल्या होत्या, आणि त्याचा उपमहापौर सुऱ्हावर्दी आता हक साहेबांच्या मंत्रिमंडळात बसला होता.